‘बारीक, पण काटक’ : दीडशे वर्षांच्या सबबीला उत्तर

‘आपली माणसं मुळातच बारीक चणीची. खाणं बेताचं, पण अंगानं काटक.’ सोलापुरात हे बोलणं कुठेही कानावर पडतं. यंत्रमागाच्या मालकाच्या तोंडून येतं, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडून येतं, कधी कधी डॉक्टरच्या खुर्चीतूनही येतं. अलीकडे त्याला दुसरं एक वाक्य जोडलं जातं : आता गरीब राहिलंय कोण? रेशनवर धान्य फुकट, हातात मोबाइल, रायनगरला पक्कं घर. ही दोन वाक्यं एकत्र आली की पुढचा निष्कर्ष कुणी उच्चारावाही लागत नाही. शहराच्या पूर्व भागात विडी वळणारी बाई हडकुळी दिसते ती तिची चण, आणि तिच्या ताटात डाळ नसते ती तिची सवय.

हा निष्कर्ष खोटा आहे. तो दीडशे वर्षं फिरतो आहे आणि प्रत्येक वेळी त्याला पुराव्यानिशी उत्तर मिळालेलं आहे. तरी तो टिकून आहे, कारण तो मजुरी ठरवणाऱ्याला सोयीचा आहे, मदत ठरवणाऱ्याला सोयीचा आहे आणि ज्यांची ताटं भरलेली आहेत त्यांच्या मनाला स्वस्थता देणारा आहे.

सोलापूर जिल्ह्याने हा युक्तिवाद स्वतःच्या अंगावर सोसला तो १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलुखाच्या पाहणीला पाठवलं आणि १८७७ च्या सुरुवातीला टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराचा शिधा खाली आणला. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर माणूस जगू शकतो, निदान तसा प्रयोग करून पाहावा, अशी त्यामागची भूमिका होती. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्याला ताबडतोब विरोध केला. कष्टाचं काम करणाऱ्या शरीराला हा शिधा पुरणार नाही, हे त्यांनी सरकारला लेखी कळवलं. काही महिन्यांतच मद्रासमध्ये शिधा वाढवावा लागला आणि त्यात डाळ घालावी लागली. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

१८७२ च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १९ हजार होती. १८८१ च्या खानेसुमारीत ती ५ लाख ८२ हजार भरली. कमी भरलेले सगळेच मेले असं नाही. कितीतरी कुटुंबं मुलूख सोडून गेली. पण ‘थोडक्यात भागतं’ हे गणित मांडणाऱ्याला त्या थोडक्यावर जगायचं नव्हतं, आणि ज्यांना जगायचं होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या सगळ्या वादांत हीच मांडणी पुन्हा पुन्हा दिसते.

त्याच १८७७ साली सोलापुरात ती कापड गिरणी सुरू झाली, जिला शहर पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागलं. गिरण्यांनी शहर वाढवलं, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ते आणखी वाढवलं. गिरणी कामगाराच्या घरात काय शिजतं, याची विचारपूस सरकारला पहिल्या महायुद्धानंतर करावी लागली. मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाचा, सरकारी लेबर ऑफिसच्या फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्यात एक नोंद आहे, जी प्रत्येक कामगार वस्तीच्या वेशीवर लावून ठेवण्यासारखी आहे : गिरणी कामगार धान्य खातो ते दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल मर्यादेइतकं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला दिलेल्या आहाराहून कमी. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, त्याच लेबर ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाचीही पाहणी केली. म्हणजे कामगार बारीक का, याचा शोध घेण्यासाठी वंश, हवामान किंवा चण यांच्याकडे जाण्याची गरज शंभर वर्षांपूर्वीच संपलेली होती. त्याचा पगार आणि त्याचं ताट सरकारने स्वतः मोजलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हा वाद पुण्यात नव्याने पेटला आणि तो पेटवणारे साधे लोक नव्हते. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ लिहिलं. दररोज माणशी २,२५० कॅलरी मिळायच्या तर किती खर्च लागतो, यावरून त्यांनी दारिद्र्याची रेषा काढली : १९६०-६१ च्या भावाने महिन्याला माणशी खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक निघाले. देश हादरला.

त्याला आव्हान दिलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस जगातल्या थोर संख्याशास्त्रज्ञांपैकी एक, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं सांख्यिकीचा प्रमुख. त्यांचं म्हणणं असं : एकाच निरोगी माणसाची कॅलरीची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक कमी-जास्त होते; शरीर स्वतःला सावरून घेतं. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नका. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढा. तशी ओढली की उपाशी माणसांची संख्या एकदम निम्म्याहून कमी होते. सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या, पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने १९८२ मध्ये काढलेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांचा लेख आला आणि त्याचं शीर्षक जगभर गाजलं : ‘स्मॉल बट हेल्दी’. लहान, पण निरोगी. ज्यांना आपण कुपोषित म्हणतो त्यांतली बहुसंख्य मुलं नुसती लहान चणीची आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही, असा त्याचा गाभा.

सोलापूरच्या कट्ट्यावरचं ‘बारीक, पण काटक’ आणि विद्वानांच्या ग्रंथातलं ‘स्मॉल बट हेल्दी’ यांत काडीचा फरक नाही. म्हणून दोघांना एकच उत्तर लागू पडतं, आणि ते द्यायला भारतीय शास्त्रज्ञच पुढे आले. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये शीर्षकातच प्रश्न विचारला : लहान असणं निरोगी, ते गरिबासाठी, श्रीमंतासाठी का नाही? या प्रश्नातच सगळं आलं. स्वतःच्या मुलाचं वजन दोन महिने वाढलं नाही तर जो बाप बालरोगतज्ज्ञाकडे धावतो, तोच शेजारच्या झोपडपट्टीतल्या पोराला काटक म्हणतो. एकाच शहरात मुलांच्या वाढीची दोन मापं ठेवता येत नाहीत.

दांडेकरांनीही १९८२ मध्ये सुखात्म्यांना लेखी उत्तर दिलं. हा आकडेवारीचा किचकट वाद होता. त्यातली तांत्रिक बाजू इथे उकलत बसण्याचं कारण नाही. सामान्य वाचकाला पटेल असा मुद्दा एकच. खाण्यातला फरक जर केवळ शरीराच्या चढ-उतारामुळे असता, तर तो श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही घरांत सारखा दिसायला हवा होता. तो तसा दिसत नाही. कमी कॅलरी खाणारे पुन्हा पुन्हा गरीब घरांतच सापडतात. शरीराला सावरून घ्यायची हौस फक्त कमी मजुरीच्या घरात कशी येते, याचं उत्तर ‘चण’वाल्यांकडे नाही.

पण शरीर सावरून घेतं, हे सुखात्म्यांचं निरीक्षण खरं आहे ना? खरंच आहे. प्रश्न आहे तो कशाच्या मोबदल्यात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने दिवसाला साधारण १,६०० कॅलरींवर ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने उतरलं. शरीराने सावरून घेतलं : नाडी मंदावली, अंग गार पडू लागलं, हालचाल कमी झाली, चित्त कशात लागेना, दिवसभर डोक्यात फक्त अन्न. शरीर सावरतं म्हणजे ते खर्चाला कात्री लावतं. आराम खुर्चीत बसलेला माणूस हालचालीला कात्री लावू शकतो. विडी वळणाऱ्या बाईला ती सोय नाही. तिला रोजच्या हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा आहे.

तिचा दिवस पाहावा. टेंभुर्णीचं पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मापाला कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन एकेक पान भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा, टोकं दुमडायची. स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळून हजार विड्यांना जवळपास अख्खा दिवस जातो. मग विडी कारखान्याच्या शाखेवर जाऊन मोजून द्यायच्या. नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. नाकातोंडात तंबाखूची धूळ, पाठीला बाक, मानेला कळ. सोलापुरात अशा साधारण ६० ते ७० हजार बाया आहेत, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या. त्यांची मजुरी तुकड्यावर आहे. हात मंदावला की पैसे कमी. तेव्हा अन्न कमी पडलं तरी कामाला कात्री लागत नाही. कात्री लागते ती तिच्या रक्ताला, हाडांना, आणि पोटात मूल असेल तर त्याला.

पोटातल्या मुलाबद्दलचं हे म्हणणं नुसतं अनुमान नाही. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रियांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं साडेतीन. याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गरोदरपणात ज्या बाया जास्त राबल्या त्यांची बाळं लहान निघाली, आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची बाळं मोठी निघाली. आता आघारकर संस्था कोणती? १९९२ पर्यंत तिचं नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स असं होतं. जिथून ‘लहान, पण निरोगी’ जगात गेलं, त्याच संस्थेतून वीस वर्षांनी त्याला उत्तर गेलं. विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा हा नमुना मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा आहे. तो सांगितला जात नाही, ही खंत आहे.

याज्ञिकांचं काम आणखी पुढे जातं. ही लहान बाळं नुसती लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाहेरून किडकिडीत, आतून मेदाळ. ही घडण पुढे मधुमेहाला आमंत्रण देते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापलं गेलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे बारीक दिसणं हे निरोगीपणाचं प्रमाणपत्र नाहीच; आईच्या पोटातल्या उपासमारीची ती आयुष्यभराची शिक्षाही असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ पासून मोजावी असं सुचवलं, ते याच कारणाने. ज्या आईला आपण काटक म्हणून सोडून दिलं, तिचा मुलगा चाळिशीत साखरेच्या गोळ्या खाऊ लागतो आणि मग त्याला सांगितलं जातं की तू खाण्यावर ताबा ठेव.

‘चण’वाल्यांचा शेवटचा गड आनुवंशिकतेचा आहे. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगरिया यांनी तो पुन्हा लढवला : भारतीय मुलं आनुवंशिकतेनेच बुटकी असावीत, जगाची फूटपट्टी त्यांना लावणं चूक आहे, असं त्यांच्या मांडणीचं सार. पण ती फूटपट्टी तयार कशी झाली? १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली होती, आईचं दूध पुरेसं मिळालेली. ती नॉर्वेच्या मुलांइतकीच वाढली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली मापं याच मुलांवर उभी आहेत. दिल्लीच्या सुखवस्तू घरातलं बाळ वाढू शकतं आणि सोलापूरच्या नीलम नगरातलं वाढू शकत नाही, हा फरक जनुकांनी केलेला नाही. दक्षिण कोरियातल्या स्त्रिया शंभर वर्षांत सरासरी वीस सेंटिमीटरने उंच झाल्या. शंभर वर्षांत वंश बदलत नाही. अन्न, पाणी आणि मजुरी बदलते.

सुखात्म्यांच्या बाजूची एक गोष्ट मान्य करायलाच हवी, आणि ती मनापासून. नुसतं खायला घालून उपयोग नाही, पाणी स्वच्छ नसेल तर जुलाबात सगळं वाहून जातं, हे ते कळकळीने सांगत होते आणि ते बरोबर होतं. पण सोलापूरकरांनी हा मुद्दा स्वतःच्या नळापाशी उभं राहून तपासावा. या शहराने कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलेलं आहे, उजनीचं धरण जिल्ह्यात असताना. ज्याच्या घरी टाकी आहे त्याचं भागतं. ज्याच्या घरी दोन घागरी आणि एक पिंप आहे, त्याच्या पोराला शिळं पाणी. तेव्हा पाण्याने वाळलेलं पोर हेही गरिबीनेच वाळलेलं पोर. सुखात्म्यांचा हा मुद्दा ‘काटक’वाल्यांच्या हातात राहत नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे : गरीब राहिलंय कोण?

गरिबी कमी झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. निती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाप्रमाणे २०१५-१६ मध्ये देशात २४.८५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के. सोलापुरात कुंभारीच्या माळावर २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ रोजी रायनगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. ही घरं कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायांनी वर्षानुवर्षं लढून मिळवली आहेत. पत्र्याखालून स्लॅबखाली येणं ही छोटी गोष्ट नाही.

पण छप्पर बदललं म्हणून ताट बदलतं असं नाही. त्याच निती आयोगाच्या त्याच निर्देशांकात पोषणाच्या बाबतीत वंचित असलेले लोक ३१ टक्क्यांहून जास्त निघाले. आणि महाराष्ट्राचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली, ३६.१ टक्के कमी वजनाची. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांत ज्याचं नाव घेतलं जातं, त्या राज्याचे हे आकडे आहेत. हातात मोबाइल आहे म्हणून पोट भरलेलं आहे असं मानणाऱ्यांनी या पाहणीतलं एक पान तरी वाचावं. मोबाइलशिवाय आज ना मजुरीचा निरोप येतो, ना सरकारी अनुदान खात्यात आल्याचं कळतं. तो चैनीचा पुरावा राहिलेला नाही.

फुकट धान्याचा हिशेब तर अगदी सोपा आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं. दिवसाला १६७ ग्रॅम. तांदूळ असो की गहू, त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. दांडेकर-रथांच्या २,२५० चा हा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से, आणि सगळी डाळ, सगळं तेल, सगळी भाजी, सगळं दूध मजुरीतून यायचं आहे. हे धान्य बंद करावं असं कुणी म्हणत असेल तर त्याला कडाडून विरोध केला पाहिजे. त्याच्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पण ते मिळतं म्हणून भूक संपली असं सांगणं ही फसवणूक आहे. १८७७ चा एक पौंड शिधा साडेचारशे ग्रॅमचा होता, आणि तोही अपुरा ठरला होता.

मग गरीब म्हणायचं कुणाला, हे सरकार तरी एकदा ठरवतं का? १९९९ मध्ये राज्यात तीन रंगांची शिधापत्रिका आली. पिवळ्या कार्डाला वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न, केशरीला एक लाखापर्यंत. अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९ हजार, खेड्यात ४४ हजार. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी आठ लाख. एकाच घराला एका खिडकीवर गरीब म्हणतात आणि शेजारच्या खिडकीवर हाकलून लावतात. शहरातल्या ५९ हजारांचा हिशेब पाच माणसांच्या घराला लावून पाहा : दिवसाला माणशी ३२ रुपये. हाच तो आकडा, जो २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरी गरिबीची रेषा म्हणून सांगितला तेव्हा देशभर संताप उसळला होता. संताप विरला. आकडा मात्र राज्याच्या शिधापत्रिकेच्या नियमांत जाऊन बसला.

या सगळ्या मोजणीत आणखी एक भेद चालतो, आणि तो आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की खटकतही नाही. सात रस्त्याच्या बाजूच्या सुखवस्तू घरातली मुलगी बारीक असेल तर ती ‘स्लिम’, तिला ‘झिरो फिगर’चं कौतुक. अंगणवाडीतल्या पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते रजिस्टरमध्ये ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित; साडेबाराच्या आत असेल तर ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. त्याची आई शाखेवर ‘काटक’. तिच्या कुटुंबाला तहसीलमध्ये ‘बीपीएल’. यातले इंग्रजी शब्द आज मराठी बोलण्याचाच भाग आहेत आणि त्याबद्दल तक्रार नाही. दंड मोजणारी अंगणवाडी सेविका तर आभारालाच पात्र आहे, कारण ती निदान मोजते तरी. तक्रार आहे ती यातल्या एकाही शब्दात मजुरी नाही, याबद्दल. उपाशी माणसाला उपाशी म्हटलं की कुणीतरी त्याला जेवायला घालायला बांधील होतं. ‘सॅम’ म्हटलं की फक्त रकाना भरतो.

विडी धंद्याचे मालक म्हणतील की धंदाच आता राहिलेला नाही, मजुरी वाढवायची कशातून? तंबाखू मारक आहे आणि विडीचा खप कमी होणं देशाच्या भल्याचंच आहे, हे खरं. पण त्याची किंमत वळणाऱ्या बाईने उपाशी राहून का मोजावी? १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीने तिच्यासाठी दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घराला मदत अशी व्यवस्था केली होती. तो निधी विडीवरच्या उपकरातून यायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर बंद झाला. धंदा मावळत असताना कामगाराच्या हक्काचा पैसा आधी मावळला. दुसरं काम शिकवायचं, त्या कामाला मजुरी द्यायची आणि तोपर्यंत घर चालवायला आधार द्यायचा, हे सरकारचं कर्तव्य आहे, उपकार नाहीत.

तेव्हा ‘बारीक, पण काटक’ म्हणणाऱ्यांनी आता पुरावा आणावा. सोलापूर महापालिकेने आणि कामगार विभागाने विडीच्या प्रत्येक शाखेवर, यंत्रमागाच्या प्रत्येक कारखान्यात वर्षातून एकदा कामगारांची उंची, वजन आणि हिमोग्लोबिन मोजावं आणि ते आकडे प्रभागवार जाहीर करावेत. प्राधान्य कुटुंबाची ५९ हजारांची मर्यादा महागाईशी जोडावी. रेशनच्या पाच किलोंत डाळ आणि तेल घालावं. कॉर्निशने डाळ मागितली त्याला दीडशे वर्षं होत आली. गरोदर विडी कामगार बाईला बाळंतपणाच्या आधीचे तीन महिने पूर्ण मजुरीसह सुट्टी द्यावी, कारण गरोदरपणी बाई किती राबली याचा हिशेब तिच्या बाळाच्या वजनात निघतो हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून ठेवलेलं आहे. आणि ज्या सोलापूरकरांच्या घरी डाळ रोज शिजते, त्यांनी पुढच्या वेळी कुणी ‘काटक’ म्हणालं तर तिथेच अडवून विचारावं : तिची मजुरी किती?